आमसुली पाठ, लाल पाय

यंदा मार्च लागला आणि एका संध्याकाळी ऑफिसातून खाली उतरलो, तर गाडीच्या काचेवर बियांचा चिकट सडा पडला होता. आमच्या पार्किंगला लागून नांदरुकाची रांग आहे. एरवी वर्षभर ती झाडं कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. बारीक बारीक फळं पिकली की मात्र बुलबुल, मैना, कोकीळ सगळे तिथे जेवायला बसतात आणि हात आमच्या गाड्यांना पुसतात. वॉचमन फडकं घेऊन आला, म्हणाला, "सर, कल से उधर धूप में लगाइए. इधर अब यही चलेगा." मी काच पुसली. पुसताना शर्टाची बाही जांभळी झाली, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

नांदरूक पिकला, म्हणजे कोळवणच्या खोऱ्यातला ओढ्याकाठचा मोठा नांदरूकही पिकला असणार, आणि त्याच्यावर हरियल पक्षी उतरले असणार. ही बातमी घरी सांगावी की नाही, याचा विचार करत मी हिंजवडी ते महाळुंगे एवढं अंतर काढलं. गर्दी अशी होती की विचाराला भरपूर वेळ मिळाला. शेवटी ठरवलं, नकोच. दार उघडून आत आलो. सुषमा, माझी बायको, हॉलमधल्या खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. नाकाशी ऑक्सिजनची नळी, शेजारी ते यंत्र घुरघुरत होतं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं.

"बाहीला काय लागलंय?"

"ग्रीस."

"ग्रीस वांगी कलरचं कधीपासून यायला लागलं?" मग जरा दम घेऊन म्हणाली, "पिकला म्हणा की नांदरूक."

साड्यांच्या दुकानदाराच्या मुलीशी लग्न केलं की रंगाच्या बाबतीत खोटं बोलायची सोय राहत नाही. परभणीला तिच्या वडिलांचं दुकान होतं. शाळा सुटली की ती गादीवर बसून उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायची. त्यामुळे हिरवा असा काही रंगच असतो हे तिला मान्य नाही. पोपटी असतो, मेंदी असतो, पिस्ता असतो, रामा असतो, बाटलीचा असतो. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मी कौतुकाने एक "निळी" साडी आणली, तेव्हा तिने ती उजेडात धरून विचारलं होतं, "ह्याला निळा म्हणतात का तुमच्याकडे हिंगोलीला?" तो चिंतामणी होता म्हणे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस आहे, दुसऱ्याच्या चुका शोधून त्यावर पोट भरतो. घरी मात्र आयुष्यभर माझ्याच चुका निघत आल्या, आणि त्याची मला सवय झाली, खरं सांगायचं तर गोडी लागली.

पक्ष्यांचा नाद तिला महाळुंग्याला आल्यावर लागला. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आमची इमारत म्हणजे शेतात उभा केलेला एकटा खांब होता. स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून खाली बांधावरचा उंबर दिसायचा, आणि एका सकाळी त्या उंबरातून एकदम पंधरावीस पक्षी उडाले. तोवर ते पानांतच होते आणि आम्हाला दिसत नव्हते. तिने दुर्बीण मागवली, पुस्तक मागवलं, आणि महिनाभरात मला जेवताना सांगायला लागली, की ते हरियल, आपल्या राज्याचा पक्षी, जातीने कबूतरच. डोकं राखी, मान लिंबू-पोपटी, खांद्याशी फिकट जांभळ्याचा एकच ठिपका आणि पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. मी म्हणालो, कबूतर म्हणजे कबूतर. तिने पोळी वाढता वाढता हात थांबवला आणि मला कळलं, की आपण पुन्हा निळी साडी आणली.

कबूतरांच्या कुळाचंच तिला वेड लागलं, ते अशासाठी, की ती सगळी एका गठ्ठ्यातली वाटतात आणि नसतात. बघणाऱ्याने घाई केली की फसतो. मानेवर काळी कडी असलेला होला वेगळा, आणि मानेवर ठिपक्यांची चौकट असलेला होला वेगळा. विजेच्या तारेवर बसलेल्या पाठमोऱ्या होल्याबद्दल ती मला गाडी थांबवायला लावायची, मागे हॉर्न वाजत असायचे आणि ही शांतपणे म्हणायची, "वळू द्या की त्याला जरा."

त्याच सुमारास सोसायटीत सगळ्यांनी बाल्कन्यांना जाळ्या बसवून घेतल्या. इमारती वाढल्या तसे पारवे वाढले होते, आपले ते नेहमीचे निळसर राखी, पंखांवर दोन काळे पट्टे असलेले. जाळीवाला आमच्याकडेही येऊन माप घेऊन गेला. सुषमाने त्याला परत पाठवलं. जाळीतून दुर्बीण लावली की समोर नुसते चौकोन दिसतात, मागचा उंबर पुसट होतो, असं तिचं म्हणणं. खरं होतं ते. मीही वाद घातला नाही. मग एसीच्या बाहेरच्या पेटीमागे पारव्यांनी चार काड्या टाकल्या, त्याला घरटं म्हणायचं. तिथे पिल्लं झाली, पुन्हा झाली, होतच राहिली. ती रोज सकाळी तिथली घाण खरवडून काढायची, झाडायची, धुवायची. मी कुरकुर केली, तर म्हणायची, "तो कड्यावर राहणारा पक्षी आहे हो. त्याला वाटतं, हाच कडा."

मला आठवतो तो हंगाम दोन वर्षांपूर्वीचा. तोवर खालचा उंबर गेला होता. तिथे रस्ता झाला आणि रस्त्यापलीकडे आणखी दोन इमारती. हरियल एका आठवड्यात दिसेनासे झाले. सुषमाला खोकला सुरू झाला होता, पण त्या वर्षी महाळुंग्यात खोकला कुणाला नव्हता? सिमेंटची धूळ आहे, जाईल, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो. आणि उंबर गेला म्हणून आम्ही दर रविवारी पौडच्या पुढे कोळवणला जायला लागलो.

त्या रविवारांतलं मला सलग काही सांगता येणार नाही. तुकडे आहेत. भात निघून गेलेली खाचरं, त्यांतले करडे धसकटांचे दांडे, सकाळच्या एसटीने उडवलेली धूळ बराच वेळ रस्त्यावर तशीच लोंबकळलेली. नवीन फार्महाऊसच्या पांढऱ्या भिंती आणि त्यांवरून बाहेर डोकावणारी लाल फुलं. वळणावर कांताबाईंची चहाची टपरी. ओढ्याकाठी नांदरुकाखाली चटई टाकून आम्ही उताणे पडायचो, कारण बसून वर बघितलं की मानेला कळ येते. फळं टपटप अंगावर पडायची. वर पानांत कुणीतरी हलायचं, पण दिसायचं नाही. मध्येच एक शीळ यायची, गोल, कुणी अर्धवट विसरलेली चाल आठवून बघतंय अशी. सुषमा बोट ओठांवर ठेवायची. मी बहुतेक वेळा तोवर घोरायला लागलेला असायचो.

कोळवणचं वैशिष्ट्य तिला पुस्तकातल्या नकाशावरून कळलं होतं. पिवळ्या पायांचा हरियल सपाटीचा, मोकळ्या रानाचा, गावांच्या कडेचा. नेऱ्यापासून पौडपर्यंत जिथे मोठं झाड उरलंय तिथे तो. त्याचा एक भाऊबंद आहे, तो घाटातल्या दाट जंगलाचा, राखी कपाळाचा हरियल. त्याची हद्द ताम्हिणीकडून खाली येते. नकाशात दोघांचे रंग आमच्या तालुक्यात एकमेकांना लागतात. नकाशावर मुळशी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्या दाण्यात रेघ नेमकी कुठे पडते ते पुस्तक सांगत नाही. सुषमाला ती रेघ शोधायची होती. तिचा अंदाज होता, की फळांच्या दिवसांत ती या झाडावरून जाते.

ओळखायची खूण सोपी आणि अवघड. घाटातल्या नराची पाठ आमसुली असते. ती दिसली की प्रश्नच मिटला. पण त्याच्या मादीला ती पाठ नसते. ती हिरवी, आणि सपाटीचे हरियल नर-मादी दोन्ही हिरव्याच पाठीचे. म्हणजे हिरवी पाठ दिसली तर काहीच कळलं नाही असं समजायचं आणि पाय बघायचे. पिवळे असले तर सपाटीचा, लाल असले तर घाटातली मादी. आणि पाय तर पानांत बुडालेले. पक्षी सरकायची वाट बघत पडून राहायचं, तो सरकायचा आणि नेमका दुसऱ्या पानाआड बसायचा.

"हरियल," मी म्हणायचो.

"कोणता?"

"हिरवा."

"पाय बघितलेत का, पाय?"

"पिवळे वाटले."

"वाटले म्हणजे? उन्हात पिवळे वाटले की पिवळे होते?"

एकदा कांताबाई चहा घेऊन तिथपर्यंत आल्या. त्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली म्हणून आडव्या झाल्यात. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. "हरेल हायेत की ओ ते. लई हायेत. त्येंच्या पायात काय बघायचं?" सुषमाने त्यांना दोन्ही जाती समजावून सांगितल्या. कांताबाईंनी पदर तोंडाला लावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमची मानसं त्येंला खायाची तवा कुनी पाय न्हाई बघितलं." सुषमा इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. कांताबाईंनी पाठीवरून हात फिरवला. मी पाण्याची बाटली उघडून उभा राहिलो. आज मागे वळून बघताना ती उबळ मला आधी ऐकू येते आणि हसणं नंतर.

त्या हंगामात तिला रेघ सापडली. एका रविवारी उशिरा, उन्हं कलल्यावर, एक नर फांदीच्या टोकाला उघड्यावर येऊन बसला. तिने दुर्बीण माझ्या हातात दिली नाही, माझ्या गळ्यातली माझ्याच डोळ्यांना लावली आणि माझं डोकं धरून फिरवलं. राखी कपाळ. काळ्या पंखाला पिवळा काठ. पाठीवर तो रंग, भिजवलेल्या आमसुलाचा. लाल पाय. शेजारच्याच फांदीवर पिवळ्या पायांचे तिघं निवांत फळं खात होते. "एकाच पंगतीत," ती म्हणाली. येताना गाडीत मी विचारलं, आता काय शोधायचं? ती म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या झाडाच्या पुढे, घाटाकडे चढून बघू. एखादा रानपारवासुद्धा येत असेल खाली." रानपारवा हा आणखी वेगळा, घाटातलाच, मोठा, मानेवर बुद्धिबळाचा पट असलेला. तो तिने अजून बघितला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाई मवाळ होत्या. त्यांनी फोटो दाखवले, छातीतल्या पांढऱ्या जाळ्या दाखवल्या, आणि विचारलं, "घरी कबुतरं येतात का?" मी सुषमाकडे बघितलं. ती म्हणाली, "कोणती?" सवयीने म्हणाली. डॉक्टरीणबाईंना ते विचित्र वाटलं असावं. त्या म्हणाल्या, कोणतीही. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ काहींच्या फुप्फुसांना चालत नाही, ती कडक होत जातात. नेमकं ह्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तसं दिसतंय. जे झालंय ते परत यायचं नाही, पुढचं जमेल तेवढं लांबवू. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

दुसऱ्याच दिवशी मी जाळी बसवून घेतली. घरटं काढलं, पेटी धुतली, तोंडाला फडकं बांधून सगळं खरवडलं. ह्या पारव्यांच्या जातीची हद्द काय, तर पुस्तकातला अख्खा नकाशा एका रंगाचा आहे. जिथे माणूस तिथे तो. हरियलाला झाड लागतं, त्या दुसऱ्याला तर जंगलच लागतं. ह्याला काहीही लागत नाही, आमची भिंत पुरते. हरियल बघायचे म्हणून आम्ही जाळी लावली नाही. हरियल गेले, आणि उघड्या बाल्कनीत हा येऊन बसला. मला त्याचा संताप येतो. रात्रंदिवस चाललेली त्याची ती घुमघुम ऐकली की हातात असेल ते फेकावंसं वाटतं. सुषमा त्याच्यावर एकदाही चिडली नाही. मला वाटायचं, तिने चिडावं. कुणावर तरी, निदान माझ्यावर, की जाळीसाठी तुम्ही भांडला का नाहीत. ती म्हणायची, "त्याला काय माहीत."

आता तिचा वावर नळीच्या लांबीएवढा आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पुरते, स्वयंपाकघराच्या ओट्याला पुरत नाही. पहिले काही महिने ती दारात उभी राहून मला फोडणीबद्दल सूचना द्यायची, आणि मी मुद्दाम मोहरी करपवायचो. मग दारापर्यंत येणंही थांबलं.

पण बाहीवरचा डाग तिने ओळखला होता, म्हणून मला उगाच उभारी आली. मी छोटा सिलिंडर भाड्याने आणला. रविवारी तिला उचलून गाडीत बसवलं, दुर्बीण तिच्या मांडीवर ठेवली. भूगावला अडकलो. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, काचा बंद, आणि मी रस्त्यापेक्षा सिलिंडरचा काटाच जास्त बघत होतो. पिरंगुटला पोहोचेपर्यंत काटा निम्म्याखाली गेला. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "वळा," ती म्हणाली. मी वळलो. परतताना एका तारेवर होला बसला होता, पाठमोरा. तिचे डोळे उघडे होते. तिने गाडी थांबवायला सांगितलं नाही.

त्यानंतर ती कमी कमी बोलायला लागली. बोलायलाही वारा लागतो, हे मला पूर्वी कधी कळलं नव्हतं. एका दिवशी भाजीवाल्याने मेथी म्हणून काहीतरी भलतंच दिलं, मी तेच शिजवलं, तिने दोन घास खाल्ले आणि काही म्हणाली नाही. माझ्या अंगावर घालायचा शर्ट ती रोज सांगायची, तेही थांबलं. मी कपाटासमोर उभा राहून वाट बघायचो आणि मग हाताला येईल तो घालायचो.

मार्च सरता सरता तिने एकदा आपणहून म्हटलं, "तुम्ही जाऊन या. फळं संपतील." शेजारच्या काकू दुपारभर तिच्याजवळ थांबल्या आणि मी एकटा कोळवणला गेलो. टपरीपाशी कांताबाईंनी गाडीत डोकावून बघितलं.

"ताई न्हाई आल्या औंदा?"

"बरं नाही तिला."

"तवाचा खोकला व्हय? अजून हायेच?" मी मान हलवली. त्यांनी चहा ओतला, पैसे घेतले नाहीत. ओढ्यापलीकडे नवं कुंपण आलं होतं, पण झाड कुंपणाच्या अलीकडे होतं. चटई आणायची विसरलो होतो. धसकटांवर तसाच आडवा झालो. फळं संपत आली होती, सगळीकडे वाळून काळी पडलेली. बराच वेळ काही नाही. मग शीळ आली. मी श्वास रोखून वाट बघितली, घाई केली नाही, पान हललं तरी दुर्बीण उचलली नाही. आणि तो बाहेर आला. राखी कपाळ, आमसुली पाठ. मी पाय बघितले. फांदीवर नीट रोवलेले, लाल. उन्हात लाल वाटणारे नव्हेत, लाल. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता मी एक पक्षी पुरता ओळखला, आणि मला तिथे मातीत पडल्या पडल्या रडू आलं. तेवढ्यात तो उडून गेला.

घरी आलो तेव्हा काकू चपला घालत होत्या. त्या गेल्या. सुषमा उशांना टेकून बसली होती, चेहरा खिडकीकडे. जाळीपलीकडे पारवे कठड्यावर येरझाऱ्या घालत होते.

"दिसले?" तिने विचारलं.

"दिसले."

"कोणता?"

वाटेत मी उत्तर तयार करून आणलं होतं, कपाळापासून नखापर्यंत. ते बरोबर होतं. पण तिच्या शेजारी बसलो, तेव्हा मला कळलं की बरोबर उत्तर मला द्यायचंच नाही. शाबासकी घेऊन मी काय करणार होतो? मला ते "पाय बघितलेत का, पाय?" ऐकायचं होतं. तिने कपाळाला आठी घालावी, माझी अक्कल काढावी, हवं तर खोकावं.

"नर होता," मी म्हणालो. "पाठ आमसुली. आणि पाय पिवळेधमक."

असा पक्षी नसतो. मुळशीत नाही, घाटाखाली नाही, पुस्तकाच्या कुठल्याही पानावर नाही. हे मला माहीत होतं आणि माझ्या आधीपासून तिला माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत थांबलो.

"छान," ती म्हणाली. मग दम घेऊन, "छान दिसला असेल."

मी आणखी थांबलो. आता म्हणेल, आता म्हणेल, असं वाटत राहिलं. यंत्र घुरघुरत होतं. तिने डोळे मिटले, आणि माझी चूक तशीच राहिली.